तांडेलच्या जाकिटाचे दोन पट्टे

सारंगबाबांच्या कुत्र्याची हकिगत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. नवऱ्याला सांगितली, मुलांना सांगितली, शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा वर्गातही सांगितली. दर वेळी ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले आणि कुणी ना कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या सगळ्यांना मी पूर्ण हकिगत सांगितली नव्हती. आता ऐंशी उलटल्यावर, ती हकिगत माहीत असणारं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नसताना, ती लिहून ठेवण्यात काही मोठं धैर्य आहे असं मी मानत नाही. पण लिहिते.

गिरगावातली आमची चाळ चौपाटीपासून चालत सात-आठ मिनिटांवर होती. तीन मजले, दर मजल्यावर बारा खोल्या आणि टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. पहाटे नळ यायच्या आधी रांगेत बादल्या ठेवल्याचा आवाज यायचा, मग कुणीतरी स्टोव्हला पंप मारायचं, मग आप्पांचं खाकरणं आणि रामरक्षा. आप्पा म्हणजे माझे वडील. फोर्टमधल्या एका कचेरीत ते कारकून होते आणि साडेनऊला जेवून निघायचे, त्यामुळे आमच्या घरात सकाळी आठलाच फोडणीचा वास सुटलेला असे. आई शेगडीपुढे बसून एका हाताने वरण घोटायची आणि दुसऱ्या हाताने माझी वेणी ओढून "सरळ बस गं नलू" म्हणायची. माझा मोठा भाऊ मधूदादा कॉलेजात होता, पण त्या वर्षांत तो कॉलेजात कमी आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत जास्त असे. संध्याकाळी वारा चौपाटीकडून असला की सभेतल्या कर्ण्याचा आवाज आमच्या गॅलरीपर्यंत यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण टाळ्या आणि घोषणा कळायच्या. आई त्या दिशेला कान लावून तांदूळ निवडायची. घोषणा थांबून एकदम शांतता झाली की तिचा हात सुपातच थांबायचा, कारण आंदोलनातल्या गोळीबाराच्या दिवशीही आधी अशीच शांतता झाली होती.

तळमजल्यावर जिन्याच्या बाजूच्या खोलीत सारंगबाबा राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी आगबोटींवर काढली होती आणि शेवटी ते खलाशांचे मुकादम झाले होते. आगबोटीवर त्या मुकादमाला सारंग म्हणतात, आणि चाळीत तेच त्यांचं नाव पडलं. बायको मालवणकडे गावी केव्हाच वारली होती, मूल नव्हतं. गावी एक पुतण्या होता, तो दिवाळीला कार्ड टाकायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका आगबोटीवरून मोडीत काढलेली लहान होडी मिळवली, तिला डोलकाठी आणि शीड बसवलं आणि चौपाटीच्या वाळकेश्वरकडच्या टोकाला, कोळ्यांच्या होड्यांशेजारी ती ठेवली. सांधेदुखीने त्यांची बोटं जाड झाली होती, गाठी आल्या होत्या. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा. पण दोराची गाठ ते न बघता मारत.

त्यांच्या कुत्र्याचं नाव तांडेल. गोदीत कोळशाच्या पोत्यांमागे सापडलेलं पिल्लू, मोठं झाल्यावर तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. "होडयेर हुकूम तेचोच चलता, म्हणान तांडेल," सारंगबाबा सांगायचे. होडीवरच्या मुख्याला तांडेल म्हणतात हे मला तेव्हा कळलं. दर रविवारी ते दोघं समुद्रावर जायचे आणि तेराव्या वर्षापासून मीही जाऊ लागले. तेरा-चौदा वर्षांची मुलगी म्हाताऱ्याबरोबर होडीतून फिरते म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या बायका आईला टोचून बोलायच्या. पण आप्पांना सारंगबाबांबद्दल आदर होता. "आगबोटीवर शेकडो माणसं ज्याच्या भरवशावर होती, त्याच्या भरवशावर आपली एक पोर असायला हरकत नाही," असं ते म्हणाले, आणि विषय संपला.

कुत्र्याला समुद्रावर न्यायचं तर काय काय करावं लागतं, हे सारंगबाबांनी मला शाळेतल्यापेक्षा कडक शिस्तीने शिकवलं. निघण्याआधी दोन तास त्याला अर्धीच भाकरी द्यायची, पोट भरलेलं असलं तर त्याला लाटांवर ओकारी येते. वाळूवर त्याला पुरता फिरवून आणायचं. गोड्या पाण्याचा वेगळा डबा आणि पसरट थाळी घ्यायची, कारण तहानला की तो समुद्राचं पाणी चाटतो आणि ते त्याला बाधतं. होडीच्या तळाला ओलं गोणपाट अंथरायचं, म्हणजे त्याचे पाय घसरत नाहीत आणि उन्हात पोळत नाहीत. गळ्यात दोर बांधायचा नाही. "पडलो तर फास बसतलो," ते म्हणायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बुचाचं जाकीट. आगबोटीवरच्या जुन्या जीवरक्षक पट्ट्यातले बुचाचे तुकडे शिडाच्या कापडात शिवून त्यांनी ते स्वतः केलं होतं. पाठीवर जाड दोराची मूठ होती, पाण्यात पडला तर काठीच्या आकडीने उचलून घ्यायला. दोन पट्टे होते, एक छातीखालून आणि एक पोटाखालून, दोन्हींना पितळी बक्कल. "दोनय पट्टे, नलू. एक लावलो काय नि नाय लावलो काय, सारख्याच." तांडेलला ते जाकीट आवडत नसे. ते चढवताना तो मान वळवून माझ्याकडे असा बघायचा, की आता तूच काय ते यांना सांग.

परवा माझ्या नातीने फोनवर मला चित्रं दाखवली. परदेशातली कुत्री नारिंगी जाकिटं घालून होडीत बसलेली, पाठीवर उचलायला मूठ आणि खाली दोन पट्टे. "बघ ना आजी, किती गोड," ती म्हणाली. मी चष्मा काढून पुसत बसले.

मी चौदा वर्षांची होते त्या थंडीत मधूदादा सत्याग्रहात पकडला गेला. पंधरा दिवसांची शिक्षा झाली. आई रोज त्याच्या वाटणीचा भात लावायची आणि दुपारी तो सारंगबाबांकडे तांडेलसाठी पाठवून द्यायची. आप्पा कचेरीत कुणाला कळू नये म्हणून गप्प असायचे आणि घरी आले की गॅलरीत उभे राहायचे. अशा एका शनिवारी अरविंद आला. मधूदादाचा कॉलेजातला मित्र. तो दादाला भेटून आला होता आणि दादा मजेत आहे, आतमध्ये सगळे मिळून गाणी म्हणतात, डाळ तेवढी पातळ असते, असं त्याने सांगितलं. आईने त्याला बसवून घेतलं, तळलेले बोंबील आणि आमटीभात वाढला, आणि तो जेवत असताना पदराने डोळे पुसत राहिली. अरविंद उंच होता, खादीचा सदरा घालायचा आणि बोलताना कपाळावरचे केस मागे सारायचा. त्याच्याजवळ थोरल्या भावाचा कॅमेरा होता. सभांचे फोटो काढता काढता त्याला समुद्राचे फोटो काढायची हौस लागली होती. "उद्या सारंगबाबांबरोबर जा की," आई म्हणाली. "नलू असतेच. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत." मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. मला किती आनंद झाला ते मी आईला दिसू दिलं नाही.

रविवारी सकाळी वाळूवर सारंगबाबांनीच तांडेलला जाकीट चढवलं. त्या दिवशी त्यांची बोटं फार दुखत होती. बक्कल लावताना ते दोनदा थांबले, फुंकर घातली, पण दोन्ही पट्टे त्यांनी लावले. मी शेजारीच उभी होते आणि मी पाहिलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

सकाळचा वारा जमिनीकडून असतो. त्या वाऱ्यावर आम्ही सहज बाहेर पडलो. वाळकेश्वरच्या टोकाच्या आत पाणी कितीही सपाट असलं तरी टोक ओलांडलं की होडीखाली काहीतरी मोठं श्वास घेतंय असं वाटायला लागतं. किनाऱ्यावरच्या इमारती लहान झाल्या. अरविंदने पहिल्या लाटेला दोन्ही हातांनी कड घट्ट धरली, मग हसला, मग मोकळा झाला. सारंगबाबांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या सोड्यांची चटणी होती. आम्ही तिघांनी ती खाल्ली आणि तांडेल थाळीतलं गोडं पाणी प्यायला. आणखी बाहेर गेल्यावर वारा पडला. शीड लोंबायला लागलं. रोज तसंच व्हायचं. जमिनीकडचा वारा संपतो आणि समुद्राकडचा यायला थोडा वेळ असतो. सारंगबाबा मागच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून, सुकाणूजवळचा कुठलासा दोर सोडवत बसले.

तांडेल पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. उन्हात त्याचे केस तांब्यासारखे चमकत होते. अरविंदने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"ते जाकीट जरा काढता येईल का?" तो हळूच म्हणाला. "त्यात तो हमालासारखा दिसतोय. असा नुसता उभा राहिला तर काय फोटो येईल!"

मी मागे पाहिलं. सारंगबाबांची पाठच होती. त्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी विचारलं नाही. "वारा तर नाहीये," मी म्हणाले. "एका मिनिटात परत घालू." मी दोन्ही बक्कलं सोडली. तांडेलने अंग झाडलं आणि माझा हात चाटला. अरविंदने फोटो काढला, मग आणखी एक. मग मला म्हणाला, "तूही बस त्याच्या शेजारी." मी बसले.

तेवढ्यात सारंगबाबांचा आवाज आला, "वारो येता! खाली बसा!" पश्चिमेकडून पाण्यावर एक काळपट पट्टा आमच्या दिशेने सरकत होता. मी घाईने जाकीट तांडेलच्या पाठीवर टाकलं. छातीचं बक्कल लावलं, तेही सैल. पोटाचा पट्टा हातात घेतला आणि सारंगबाबा ओरडले, "डोकी खाली!" शिडाची आडवी काठी आमच्या डोक्यावरून पलीकडे फिरली. मी खाली वाकले आणि पट्टा हातातून सुटला. होडी एका बाजूला कलली, अरविंद घसरून माझ्या अंगावर आला, "अरे बापरे!" म्हणाला, आणि मला हसू फुटलं. पट्टा मग लावू, असं मनात आलं. मी हसत होते तेव्हा तांडेल पाण्यात पडला.

पडल्याचा आवाज फार लहान होता. मी वळले तेव्हा होडी त्याच्यापासून पुढे गेलेली होती, आणि वारा भरलेली होडी जागच्या जागी थांबत नाही. जाकीट त्याच्या डोक्यावर सरकलं होतं. एक पाय त्यात अडकला होता आणि तो ते झटकत होता. मग ते सुटलं आणि तो मोकळा होऊन आमच्या दिशेने पोहायला लागला, एक कान उभा.

सारंगबाबा घाबरले नाहीत. इतक्या शांत आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुमी तो दोर धरा," ते अरविंदला म्हणाले. मग मला, "नलू, तू उबी रव. काठी धर. तेच्यावरसून डोळे काढू नको. बोट दाखवत रव. काय झाला तरी डोळे काढू नको. मी होडी फिरवतंय, माका तो दिसाचो नाय. मी तुझ्या बोटार होडी हाकतंय."

मी डोलकाठीला एक हात घालून उभी राहिले आणि दुसऱ्या हाताचं बोट तांडेलकडे धरलं. त्याचं डोकं नारळाएवढं दिसत होतं. लाट आली की दिसेनासं व्हायचं, लाट गेली की पुन्हा दिसायचं. मी बोट हलवत होते, सारंगबाबा सुकाणू फिरवत होते, होडी हळूहळू वळत होती. सगळं नीट चाललं होतं. आजही मला वाटतं, तो मिळाला असता.

मग डाव्या बाजूला, अगदी जवळून, ते रिकामं जाकीट तरंगत गेलं. वरची बाजू खाली, आणि पोटाचा सुटलेला पट्टा पाण्यावर लांब पसरलेला. माझे डोळे तिकडे गेले. आता हे बाबांना दिसेल, पट्टा सुटलेला दिसेल, आणि सगळं कळेल, एवढंच माझ्या मनात आलं. त्या वेळी मला तांडेल आठवला नाही. मला मी आठवले. तीन-चार श्वासांएवढा वेळ मी त्या पट्ट्याकडे बघत राहिले असेन.

मान फिरवून पुन्हा बघितलं तर पाणीच होतं. एक लाट, तिच्यामागे दुसरी, सगळ्या सारख्या. नारळाएवढं काही कुठेच नव्हतं.

"खंय?" सारंगबाबांनी विचारलं.

मला दिसत नाही, असं तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी होडी थांबवली असती, स्वतः उभं राहून पाहिलं असतं. त्यांची नजर माझ्याहून कितीतरी तयार होती. पण माझं बोट वरच होतं. "तिकडे," मी म्हणाले. त्यांनी होडी तिकडे नेली. "आता खंय?" "सरळ, बाबा." रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवत मी त्यांना नेत राहिले, आणि ते माझ्या बोटावर विश्वास ठेवून येत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "दिसता मां गो?" तेव्हा मी रडायला लागले आणि "आता होता, आता गेला" म्हणाले.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे घिरट्या घातल्या. एक कोळ्यांची होडी मासळी घेऊन परतत होती, त्यांनीही शोधलं. जाकीट मिळालं, अरविंदने आकडीने ओढून घेतलं. सारंगबाबांनी ते मांडीवर घेऊन उलटंसुलटं पाहिलं. छातीचं बक्कल लागलेलं होतं, पोटाचं उघडं. त्यांनी ते बक्कल अंगठ्याने दोन-तीनदा चाचपलं, मग आपल्या बोटांकडे बघितलं.

"पोटाचो पट्टो लागलो नाय माझ्याच्यान," ते म्हणाले.

अरविंदने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

वाळूवर उतरल्यावर अरविंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "नलू, त्यांना सांगायला हवं. मी सांगतो, मीच काढायला सांगितलं होतं." "मी सांगेन," मी म्हणाले. "तुम्ही काही बोलू नका. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल." त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवणारा तो दुसरा.

चाळीत ती बातमी रात्रीच्या जेवणाआधीच पसरली. आईने सारंगबाबांना भात नेऊन दिला, तो दुसऱ्या दिवशी तसाच परत आला. नळावर बायका म्हणाल्या, म्हाताऱ्याचे हात राहिले नाहीत आता. आप्पा म्हणाले, "चूक माझी. त्या वयाच्या माणसाबरोबर पोरीला पाठवायलाच नको होतं." ते हे मोठ्याने बोलले, आणि जिना आमच्या दाराला लागूनच होता, खाली बाबांच्या खोलीपर्यंत जाणारा. मी गोधडीत तोंड घालून पडून राहिले. सगळ्यांना वाटलं, पोरीने धसका घेतला. आई माझ्या कपाळावर हात ठेवून बसायची. चार दिवसांनी मधूदादा सुटून आला, चाळीने त्याला हार घातले, पेढे वाटले, आणि सारंगबाबाही काठी टेकत वर येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. दादाने खाली जाऊन त्यांना पेढा भरवला. मी त्या वेळी मोरीत उगाच हात धूत उभी होते.

महिन्याभराने अरविंदने दादाच्या हाती माझ्यासाठी एक पाकीट पाठवलं. आत फोटो होता. तांडेल पुढच्या टोकाला उभा, मोकळ्या अंगाने, मागे समुद्र. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, "सांगितलंस ना?" आई नळावर गेली होती. मी तो फोटो शेगडीत घातला. अरविंद पुन्हा आमच्या घरी आला नाही, आणि दादाला त्याचं कारण कधी कळलं नाही.

सारंगबाबांनी होडी एका कोळ्याला देऊन टाकली. पण होडी गेली एवढ्यावर ते थांबलं नाही. त्यांचा आपल्या हातांवरचा भरवसा गेला. मी शाळेतून आले की ते जिन्यापाशी मला हाक मारायचे. "नलू, स्टो बंद केलंय काय ता बघ गो." मी बघायचे, बंदच असायचा. "कडी लागली?" "लागली, बाबा." "ओढून बघ." मी ओढून दाखवायचे. सदऱ्याचं बटण, पाण्याच्या माठावरचं झाकण, देवापुढची समई, सगळं ते स्वतः करायचे आणि मला तपासायला लावायचे. "माझ्या हातांचो काय भरवसो नाय," ते म्हणायचे, अगदी साधेपणाने, पाऊस येईलसं दिसतंय असं म्हणावं तसं. दीड वर्ष हे चाललं. चाळीत माझं कौतुक व्हायला लागलं. म्हाताऱ्याचं कसं करते बघा, सख्खी नात करणार नाही. आईने तर मला नवं परकर-पोलकं शिवलं. रोज मी ठरवायचे, आज कडी ओढून दाखवायच्या आधी सांगायचं. रोज मी आधी कडी ओढायचे.

मग महाराष्ट्र झाला. गिरगाव दिव्यांनी भरून गेलं, ढोलताशे, गुलाल, माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मधूदादाचा आवाज घोषणांनी बसला होता आणि तो खुणांनीच हसत होता. त्याच दिवशी दुपारी सारंगबाबांनी आईला सांगितलं की ते गावी जाताहेत, पुतण्याकडे. खोली त्यांनी सोडली होती. "एकट्यान ऱ्हवण्यासारखे हात ऱ्हवले नाय, बाय," ते म्हणाले.

आठवड्याने ते निघाले. सकाळची वेळ होती. दादा व्हिक्टोरिया घोडागाडी आणायला गेला होता आणि मी त्यांच्या खोलीत सामान बांधू लागत होते. लोखंडी ट्रंक भरली. वळकटी गुंडाळली. त्यांनी दोर हातात घेतला, एक वेढा दिला, थांबले, आणि दोर माझ्यापुढे धरला.

"गाठ तू मार, नलू. माझी सुटतली."

चाळीस वर्षं आगबोटी धक्क्याला बांधलेला तो माणूस एका मुलीला वळकटीची गाठ मारायला सांगत होता. मी गाठ मारली. आणि मग, दोर हातातच असताना, बोलले.

"बाबा, पट्टा तुमच्याकडून राहिला नव्हता."

"खंयचो पट्टो?"

"तांडेलचा. तुम्ही दोन्ही लावले होते. मी बघितलं होतं. मी सोडले. अरविंदला फोटो काढायचा होता म्हणून. परत घालताना एकच लावला, आणि वारा आला."

ते ट्रंकेवर बसले. बाहेर नळावर कुणीतरी बादली ओढत होतं. त्यांनी विचारलं, "तेवाच सांगूक काय झाला?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमची नाही. सगळे काय म्हणतील त्याची."

त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटेपालटे करून बघितले, जणू कुणी ते नुकतेच आणून दिले होते. मग वाकून माझी गाठ सोडवली. दोर ओढून घेतला आणि स्वतः बांधायला लागले. गाठी आलेल्या बोटांनी, सावकाश. मला वाटलं आता ते मला जायला सांगतील. मला ते हवंही होतं.

"पट्टो ऱ्हवता, चेडवा," ते मान वर न करता म्हणाले. "माझ्याकडसूनय ऱ्हवलेत. लहान वयात फोटोची हौस, ऱ्हवलो एक पट्टो. पण पाण्यात पडलेल्यावरसून नजर काढणा, ता येगळा. आमच्या आगबोटीर एक खलाशी तसोच गेलो. बघणाऱ्यान मान फिरवली. तेका मी पुढे कधी तोंडान बोलवलंय नाय." त्यांनी गाठ आवळली. "तुझा बोट शेवटपर्यंत वर होता. मी बघी होतंय. तू डोळे काढलंस नाय, होय मां?"

ते माझ्याकडे बघत होते. रागाचं नावही त्या नजरेत नव्हतं.

"नाही काढले," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दाराशी व्हिक्टोरिया आली, दादाने हाक मारली, आम्ही ट्रंक आणि वळकटी बाहेर नेली. त्यांना बोटीवर पोचवायला भाऊच्या धक्क्यावर मी गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

पावसाळा संपल्यावर पुतण्याचं कार्ड आलं. आप्पांनी ते जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबांची तब्येत बरी आहे. त्यांनी गावी पुन्हा होडी धरली आहे, एक नवं कुत्रं पाळलं आहे आणि त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने जाकीट शिवलं आहे. गावातल्या मुलांना ते समुद्रावर नेतात आणि आधी एक गोष्ट बजावून सांगतात, की कुणी पाण्यात पडलं तर त्याच्यावरून नजर कशी काढायची नाही ते मुंबईच्या आमच्या नलूकडून शिकावं.

आप्पांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मधूदादा म्हणाला, "हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस गं!" आईने डोळे पुसले, शेगडीवरून तळलेला बोंबील काढला आणि माझ्या ताटात वाढला. "खा," ती म्हणाली, आणि मी तो खाल्ला.